ताईला समजेल असं

शनिवार, ३ जानेवारी

घरी येऊन बराच वेळ झाला तरी हात गारच आहेत. ताईने चहाचा कप हातात दिला आणि म्हणाली, "अगं, बर्फ विकून आलीस की काय?"

विज्ञान सांगणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आज पहिला दिवस. फेब्रुवारीअखेरपर्यंत दर शनिवारी जायचं आहे. कुणी वर्तमानपत्रात लिहिणारं, कुणी शाळांमधून प्रयोग करून दाखवणारं, एक रेडिओवर बोलणारी, एक गुरांचे डॉक्टर. प्रत्येकाने उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी संग्रहालयाचं नाव सांगितलं आणि स्वतःचं सांगायचं विसरले. खाली बसल्यावर लक्षात आलं. पुन्हा उठायचं धैर्य झालं नाही.

संचालकांनी मला आधीच सांगून ठेवलं आहे, मार्चनंतर फलक लिहिणाऱ्या माणसाची जागा राहणार नाही. प्रशिक्षणाच्या शेवटी मेळावा असतो. तिथे बाहेरगावची संग्रहालयं, संपादक वगैरे माणसं शोधायला येतात. "तिथे चार ओळखी करून घ्या," असं संचालक म्हणाले. इतकी वर्षं मी काचेमागच्या वस्तूंबद्दल लिहीत आले आणि त्या वस्तूंसारखीच काचेमागे राहिले. आता कुणाला तरी मी पसंत पडायला हवं.

शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर एक पितळी घंटी असते. बोलताना अवघड शब्द आला की ऐकणाऱ्याने ती वाजवायची. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे ही गाईच्या गळ्यात असते." सगळे हसले. मीही हसले, पण सगळ्यांच्या मागून.

फळ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ऐकणाऱ्याला समजलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची.' मग गृहपाठ. विज्ञानाशी संबंध नसलेला घरातला एक श्रोता निवडायचा. आज त्याला सांगायचं आणि उद्या त्याच्या तोंडून परत ऐकायचं. त्याला जे आठवलं नाही ते कापायचं, नाहीतर नव्याने लिहायचं.

माझी श्रोती ताई. दुसरं आहे तरी कोण?

रविवार, ४ जानेवारी

मेळाव्यात मी दगडफुलाबद्दल बोलणार आहे. संग्रहालयाच्या मागच्या भिंतीवर करड्या-हिरवट ठिपक्यांसारखी असतात ना, ती. ताई कुणाच्या तरी पँटीची कड उसवत होती, तिथेच बसून सांगितलं. हे एक झाड नाही, दोन जीव एकत्र राहतात. बुरशी आणि शेवाळ. बुरशी निवारा देते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. थोडक्यात, घर बुरशीचं आणि स्वयंपाक शेवाळाचा.

ताई म्हणाली, "आपल्या दोघींसारखंच की. फक्त आपल्यात घर पण माझं आणि स्वयंपाक पण माझा."

"मग मी काय करते?"

"तू फलक लिही, बारके. दगडफूल म्हणजे काय ते."

ती अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. लग्न झालं, भावोजी लवकर गेले, ती परत इथे आली, मशीन खिडकीशी लावलं आणि गल्लीभरचे कपडे लहानमोठे करत राहिली. लहानपणी माझी प्रत्येक परीक्षा आधी तिच्यासमोर व्हायची. त्यामुळे तिच्यापुढे बोलताना हात गार पडत नाहीत.

सोमवार, ५ जानेवारी

परत सांगताना तिला 'दोन जीव' आठवलं, 'घर आणि स्वयंपाक' आठवलं. हवा खराब असेल तिथे दगडफुलं टिकत नाहीत, हे मात्र अजिबात नाही. चूक माझी. शेवटी घाईघाईत कोंबलं होतं मी ते.

शनिवार, १० जानेवारी

बाईंनी मला डॉक्टरांच्या जोडीला दिलं. त्यांची घरची श्रोती म्हणजे त्यांची बायको. तिला सगळं पाठ असतं म्हणे. "मी लग्नाआधी काय चुकीचं बोललो तेसुद्धा," असं ते म्हणाले. रेडिओवालीच्या सासऱ्यांनी तिचा अख्खा विषय आकड्यांसह परत सांगितला.

मी ताईचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुमची श्रोती कडक दिसते. नशीबवान आहात."

बुधवार, १४ जानेवारी

मंगळवारी सगळं नव्याने बसवून सांगितलं होतं. आज विचारलं तर ताई म्हणाली, "कुठलं फूल?"

ती मशीनवरची धूळ पुसत होती. मग म्हणाली, "कामात होते गं. कानावरून गेलं असेल."

ऐकणाऱ्याच्या कानावरून जावं असं मी काय बोलते? मेळाव्याला येणारी माणसं तर ताईपेक्षा शंभरपट घाईत असतील. पानभर मजकूर कापला. बुरशीचे प्रकार गेले, शास्त्रज्ञ गेले. मला वाटतं, मी लोकांसाठी नाहीच. काचेमागचीच.

रविवार, १८ जानेवारी

ताई चिडली. माझ्यावर ती सहसा चिडत नाही. म्हणाली, "मला सांगितलंच नाहीस तू! उगीच परीक्षा घेत बसतेस."

काल संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं होतं. तीही मधेमधे हसली होती. म्हणजे माझं सांगणं इतकं फिकं, की आपल्याला काही सांगितलं गेलं हेसुद्धा माणसाला जाणवू नये.

नंतर तिलाच वाईट वाटलं असावं. मेळाव्यासाठी मला कोट शिवून देते म्हणाली. मी म्हटलं, आत एक खिसा ठेव, ओळखीची कार्डं मिळाली तर ठेवायला. तिने बोटांनी माझे खांदे मोजले. तिच्या बोटांना काहीच सांगावं लागत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

आज ओळखी करून घेण्याचा सराव. बाहेरून पाहुणे बोलावले होते. आपण होऊन अनोळखी माणसाकडे जायचं, आपली टिमकी न वाजवता त्यालाच विचारायचं. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेरचा गलका थांबेल म्हणून वाट बघत.

बाहेर आले तर दाराशी डॉक्टर. "नवीन जनावर असलं की मी काय करतो माहीत आहे?" ते म्हणाले. "हात पुढे करून नुसता उभा राहतो. हुंगू देतो. घाई केली की लाथ."

"ही माणसं आहेत हो."

"माणसं लाथ मारत नाहीत, एवढाच फरक. चला."

एका संपादिकेसमोर उभी राहिले. तिनेच आधी विचारलं, चहा कुठे मिळतो. मी दाखवला. एवढीच ओळख झाली. पण कुणी मेलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

दुपारी खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले ताईला घेऊन वर आले. ती त्यांच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ उभी होती म्हणे. दोरा आणायला गेली होती.

"उन्हात बरं वाटत होतं," ताई हसत म्हणाली. चष्मेवाले हसले नाहीत.

मी म्हटलं, हिचा नंबर वाढला असेल, हल्ली टीपसुद्धा वाकडी जाते. ते म्हणाले, "गेल्याच महिन्यात तपासला. नंबर तोच आहे." मला त्यांच्या बोलण्याचा उगाच राग आला. माणूस दमतो की. दिवसभर वाकून शिवतं कोण?

रात्रीची भांडी तिला घासू दिली नाहीत. गॅसचं बटण दोनदा बघितलं. का बघितलं कोण जाणे. भाषणाची भीती कुठे कुठे फुटते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताईने स्वतःच एक युक्ती काढली आहे. परत सांगायची वेळ आली की म्हणते, "तू सुरुवात कर, मी पुढे सांगते." मी पहिलं वाक्य बोलले की तिचा चेहरा उजळतो आणि खरंच ती पुढचं एखादं वाक्य बोलते. यातून कळतं की माझी कुठली वाक्यं पुढच्या वाक्याला हात धरून आणतात आणि कुठली नुसती उभी राहतात. आता भाषणात प्रत्येक वाक्य मागच्याचा हात धरून येतं. असं लिहायला मी कधी शिकले असते, ताई नसती तर?

शनिवार, ७ फेब्रुवारी

घंटी एकदाही वाजली नाही! मी बोलून थांबले तर खोलीत शांतता. मला वाटलं संपलं सगळं. मग बाई म्हणाल्या, "इतकं सोपं करायला लोकांना वर्षं लागतात." ताईची युक्ती सांगितली, ती त्यांनी लिहून घेतली. "मेळाव्याला त्यांना घेऊन या. सगळ्यांना भेटू दे."

घरी येऊन सांगितलं. ताई एकदम म्हणाली, "मला नाही यायचं कुठे. लोकांनी मला काही विचारलं तर?"

"अगं, तुझं कौतुक करणार आहेत."

"नको म्हटलं ना!" तिने मशीनचं चाक असं फिरवलं की दोरा तुटला.

दोघी बहिणी सारख्याच. चार माणसांत जायचं म्हटलं की घाबरतात. तिच्याकडूनच आलं असणार माझ्यात.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कोट तयार झाला. सुंदर बसला आहे. खांदे तर असे, की माझे स्वतःचे वाटत नाहीत.

आत हात घातला तर खिशावर खिसा. पहिल्यावर दुसरा बेतून चारही बाजूंनी शिवून टाकलेला. तोंडच नाही. मी इतकी हसले. "ताई, कार्डं आत जायची कशी? वाफ होऊन?"

ती हसली नाही. कोट हातात घेतला, अस्तर उलटं केलं, त्या टिपेवरून बोट फिरवत राहिली. "तूच म्हणालीस ना, खिसा हवा."

मी दोनदा म्हणाले असेन. तिला तसं सांगितलंही. ती उसवायला घेत होती, मी म्हटलं राहू दे, एकदा घालायचा आहे. ती आत जाऊन पडली. भर दुपारी. ताई दुपारी कधी पडत नाही.

मेळावा जवळ आला. आता पहाटेच जाग येते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

झालं. बोलले मी. एकटीच गेले होते, ताई दारापर्यंत आली होती.

पहिलं वाक्य बोलताना ताईचा चेहरा समोर आणला आणि पुढची वाक्यं आपोआप आली. लोक हसले तेही जागच्या जागी. 'घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा' म्हटल्यावर मागे बसलेल्या एका बाईंनी चक्क टाळी दिली शेजारणीला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाच्या प्रमुख नंतर स्वतः उठून माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे एप्रिलपासून कायमची जागा आहे. "सोमवारी फोन करते," म्हणाल्या. डॉक्टरांनी लांबून दोन्ही हात वर केले.

मग चहा. गर्दी नको म्हणून कोपऱ्यात एक बाई एकट्याच उभ्या होत्या त्यांच्याजवळ गेले, हात पुढे करून उभी राहिले. त्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टर आहेत. आजार रुग्णाला सोप्या भाषेत कसा सांगावा, यावर त्या सकाळी बोलल्या होत्या. त्यांना माझी पद्धत फार आवडली असावी, कारण त्या सारखं ताईबद्दलच विचारत होत्या. वय किती? शिवणकाम पूर्वीसारखं जमतं? नेहमीच्या रस्त्यावर घोटाळा होतो?

"जुनं आठवतं त्यांना?"

"सगळं. शाळेतल्या कवितांसकट."

"आणि कालचं?"

मी हसत म्हटलं, "कालचं माझ्या सांगण्यावर अवलंबून."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड काढलं, मागे आपला स्वतःचा नंबर लिहिला. "हे कामासाठी नाही. केव्हाही करा. लवकर केलात तर बरं."

कार्ड ठेवायला आत हात घातला. बंद खिसा. घरी येईपर्यंत ते मुठीतच होतं, कोपरे वळले आहेत.

भाषण झालं. जागाही मिळेल असं दिसतंय. मग हात अजून गार का आहेत?

सोमवार, २ मार्च

मोठ्या संग्रहालयाच्या प्रमुखांचा फोन आला. जागा माझी. दहा दिवसांत कळवायचं.

फोन ठेवून ओरडतच स्वयंपाकघरात गेले. ताईने मला मिठी मारली. पिठाचे हात तसेच माझ्या पाठीला. "जा की, बारके! मी काय, येईन मागून." दोघी किती वेळ हसत होतो.

संध्याकाळी पोळ्या लाटताना तिने विचारलं, "तुझा तो मेळावा कधी आहे गं? कोट इस्त्री करून ठेवायला हवा."

मंगळवार, ३ मार्च

संग्रहालयात गेले नाही. ताई खाली कोवळ्या उन्हात चष्मेवाल्यांच्या बाकावर बसली आहे, ते बघताहेत.

भाषणाचे सगळे खर्डे काढून ओळीने जमिनीवर मांडले. पहिला चार पानांचा. मग तीन. मग दीड. शेवटचा अर्धं पान. प्रत्येक कापलेल्या ओळीच्या कडेला माझ्या अक्षरात एकच शेरा, 'ताईला आठवलं नाही'.

दोन महिने मी दगडफूल सोपं करत होते आणि ती माझ्यासमोर बसून कमी कमी होत होती. मी दर आठवड्याला बघितलं आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच नापास केलं. त्या फळ्यावरच्या वाक्याआड किती छान लपता आलं मला. चूक माझी असती तर मी ती दुरुस्त करू शकले असते ना.

आता जी भीती वाटते आहे ती नवी नाही. ही तीच. जानेवारीपासूनची. मी तिला भाषणाचं नाव दिलं होतं.

गुरुवार, ५ मार्च

कार्ड समोर ठेवून सकाळ घालवली. अनोळखी माणसाशी कसं बोलायचं याचं मला प्रशिक्षण मिळालं आहे. नंबर लावला आणि तोंडातून शब्द फुटेना.

पलीकडून आवाज आला, "दगडफूलवाल्या ना तुम्ही? बोला. मला घाई नाही."

मग रडले. त्यांनी रडू दिलं. म्हणजे हात पुढे करून उभ्या राहिल्या त्या, गुरांचे डॉक्टर म्हणतात तसं.

सोमवार, ९ मार्च

ताईला कसं सांगायचं याचा कालपासून खर्डा करत होते. डोळे तपासायला नेते म्हणावं, असंही मनात येऊन गेलं. शेवटी इस्पितळाच्या दारात, रिक्षातून उतरताना, काहीतरी बोलायला लागले तर तीच म्हणाली, "डोक्याच्या डॉक्टरांकडे ना? माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं?"

"दोरा आणायला गेले त्या दिवशी घर कुठल्या बाजूला ते कळेना. तेव्हापासून. म्हटलं तुझं ते भाषण होऊन जाऊ दे. तू आधीच एवढी घाबरलेली." मग माझी बाही नीट केली. "त्या खिशाच्या शिवणीवर बोट फिरवलं आणि कळलं गं, ही माझ्या हातची नाही."

आत त्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला साधे साधे प्रश्न विचारले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, गप्पा मारल्या, मग ते शब्द विचारले. मी खुर्चीची कड घट्ट धरून मनात तिला शब्द पुरवत होते. ताई माझ्याकडे वळली, नेहमीसारखी, मी सुरुवात करीन म्हणून. मला ओठ मिटून बसावं लागलं.

रक्ताच्या तपासण्या आहेत, मेंदूचं स्कॅन आहे. त्यानंतरच नक्की सांगता येईल. काही कारणं बरी होण्यासारखीही असतात. पण त्यांचा चेहरा मी वाचला. सोप्या भाषेतला होता. घर शक्यतो बदलू नका, म्हणाल्या. ओळखीच्या वाटा, ओळखीच्या भिंती असू देत.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "आता मला नीट सांग. तुझ्या त्या पद्धतीने." मी सांगितलं. "ताई, तुला नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. का, ते शोधायचं आहे. मी कुठे जात नाही." तीनच वाक्यं. एवढं कमी शब्दांत मी कधी बोलले नव्हते.

"परत सांगू?" तिने विचारलं. आणि बोटांवर मोजत सांगितलं. "मला लक्षात राहत नाही. का, ते शोधायचंय. बारकी घाबरली आहे."

"तिसरं ते नव्हतं, ताई."

"मी ऐकलं ते तेच."

मंगळवार, १० मार्च

सकाळी मोठ्या संग्रहालयाला 'येत नाही' असं कळवलं. प्रमुख म्हणाल्या, वाईट वाटतं, पण दुसरं काही निघालं तर तुमचं नाव लक्षात ठेवीन. दुपारी गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. ते ज्यात जनावरांबद्दल लिहितात त्या वर्तमानपत्राला विज्ञानाचं लिहिणारं, घरून काम करणारं कुणीतरी हवं आहे. त्यांनी मला न विचारताच माझं नाव दिलं. "लाथ मारायची असेल तर मला मारा," म्हणाले. तेवढ्याने भागणार नाही. मार्च संपल्यावर इथली नोकरी जाणार, मग पुढे काय, ते माहीत नाही. रात्री झोप लागत नाही, हे खरं आहे.

आत्ता संध्याकाळ. ताई खिडकीशी बसून माझ्या कोटाचा तो वरचा खिसा उसवते आहे. टाके एकेक करून निघताहेत, अस्तराला धक्का न लागता. मी विचारलं, "काल आपण कुठे गेलो होतो, ताई?"

तिने मान वर केली, हसली, सुई अस्तरात खोचून ठेवली आणि म्हणाली, "तू सुरुवात कर, मी पुढे सांगते."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि सुरुवात केली.